पाय मुरगळला आहे

ब्राह्मणपारा, रायपूर
६ जानेवारी २०२५

रमाताई, पाया पडते.

तुह्या कानाले फोनवर काही ऐकू येत नाही, अन् माह्या घरात फोनवर बोललं की ज्ञानदा सगळं ऐकते. दोन खोल्यांचं घर, पोट्टीचे कान लांब. म्हणून कागद घेतला. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, हासू नको.

गोष्ट अशी, की माह्या सुनेच्या डोक्यात भूत शिरलं. मंजिरी म्हणते १९ तारखेच्या रविवारी ज्ञानदाले मयूरबनले न्यायचं. अभनपूरच्या रस्त्यावर नवीन झालं ते. एकीकडे झुले, पाण्याच्या घसरगुंड्या, अन् दुसरीकडे जनावरं. अस्वलाच्या जंगलात म्हणे बसमधून फिरवते. माह्या सुशीलची त्या दिवशी सिलतऱ्याले प्लांटात ड्युटी. म्हणजे आम्ही दोघी बायका अन् ती व्हीलचेअर.

मी म्हटलं, अव, नऊ वर्षांची पोट्टी, जन्मापासून कमरेखाली जीव नाही, तिले झुले कायले दाखवतं? बसता येत नाही ते दाखवून काय जळवतं तिले? तर म्हणते, आई, तुम्हाले भीती वाटते ते तुमच्या नावानं सांगा, तिच्या नावानं नको. पाहा कशी बोलते.

हो, वाटते मले भीती. उतार असला अन् हातून खुर्ची सुटली तर? चाकात बोटं गेली तर? गर्दीत कोणी धक्का दिला तर? दुसऱ्यायची पोरं पडली तर उठून पळतात. हे पोट्टी जिथं पडन तिथंच राहीन.

अन् लोक. महादेवघाटच्या पुन्नी मेळ्यातलं, पुनवेच्या जत्रेतलं, मी तुले सांगतलं नव्हतं. चाकं रेतीत फसली होती, मी ओढून राहिली होती, तेवढ्यात एक बाई आली. तिनं ज्ञानदाच्या मांडीवर केळ ठेवलं, हात जोडले अन् गेली. भिकारी समजली का देव समजली, कोणाले माहीत. पोट्टी त्या केळाकडे पाहतच राहिली.

त्या दिवशी घरी येऊन मी सगळ्यायले बजावलं. अनोळखी माणसानं विचारलं, तर एकच सांगायचं, पाय मुरगळला आहे. बस. मुरगळलेल्या पायाची कोणी कीव करत नाही. तेव्हापासून रस्त्यावर, दुकानात, रिक्षात, आम्ही हेच सांगतो. मंजिरीले आवडत नाही, पण माह्यासमोर तीही गप राहते.

तूच मंजिरीले दोन ओळी लिही, की नेऊ नको. तुह्यं ऐकते ते.

तुही शारदा

*

गोंदिया
११ जानेवारी २०२५

शारदे, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. मंजिरीला मी लिहिणार नाही. लिहिलंच तर शाबास म्हणून लिहीन.

तू लहानपणी विहिरीत वाकून पाहायची नाहीस आणि मलाही पाहू द्यायची नाहीस. माझा फ्रॉक मागून धरून ठेवायचीस. मी दोनदा पडले ती तू ओढल्यामुळे, विहिरीमुळे नव्हे. आठवते का? नसेल आठवत. तुला तुझ्या सोयीचं आठवते.

पोरीला जाऊ दे. अस्वल पाहू दे. मी सासष्ट वर्षांची झाले, मी अजून जिवंत अस्वल पाहिलं नाही. तिच्या नशिबात असेल तर तू कोण आडवी येणार?

आणि ते मुरगळण्याचं काय काढलंस? मुरगळलेला पाय नऊ वर्षं राहते काय गं? आज एकाला सांगितलं, उद्या तोच माणूस परत भेटला म्हणजे? मला एक सांग, तू हे सांगतेस तेव्हा ज्ञानदा काय करते? तिच्या तोंडाकडे पाहिलंस कधी?

जा. येताना काय पाहिलं ते सविस्तर लिही. आणि कमरेला पट्टा बांधून जा, तिला उचलून तुझी कंबर गेली म्हणजे मग दोघींना कोण ढकलणार?

तुझी रमाताई

*

ब्राह्मणपारा
२२ जानेवारी

रमाताई, पाया पडते.

गेलो होतो. आलो. सगळे ठीक. अस्वल पाहिलं. काळं असते.

तू विचारलं, ज्ञानदा काय करते. ती काही करत नाही. खाली पाहते अन् खुर्चीचा ब्रेक लावते, काढते, लावते. एवढंच.

येताना खुर्चीचं पुढचं चाक वाकलं. दुरुस्तीले दिली. तोवर पोट्टी घरीच आहे. आता कुठं नेणं नाही, आणणं नाही. मी ठरवलं. मंजिरीले मयूरबनचं काही विचारू नको, पत्रातही नको.

थंडी आहे. इथं बरं आहे.

शारदा

*

गोंदिया
२७ जानेवारी

शारदे,

तुझं पत्र एवढं लहान? तू दुधात पाणी सापडलं तर दोन पानं लिहितेस. आणि अस्वल "काळं असते" म्हणून मोकळी?

मी हे पत्र चार वेळा वाचलं. चाक कसं वाकलं? पोरगी घरी का? मंजिरीला विचारू नको का? मला एकच कळते. ज्ञानदा पडली. खुर्ची उलटली, हाड मोडलं, आणि तू ते लपवून राहिलीस. प्लास्टर आहे काय? डोक्याला लागलं काय? तिच्या पायाला लागलं तर तिला कळतही नाही गं, सुजल्यावर कळते. डॉक्टरनं पाहिलं का?

दोन दिवस झाले, माझ्या घशाखाली घास उतरत नाही. उलट टपाली लिही.

रमाताई

*

रायपूर
१ फरवरी

प्यारी रमा आजी,

मी ज्ञानदा. मराठीत लिहून राहिली, गलती झाली तर हसायचं नाही. हमारे स्कूल में हिंदी आहे.

तुमची चिट्ठी आजीनं गादीच्या खाली ठेवली होती. मी त्याच गादीवर बसते, म्हणून मी वाचली. सॉरी. मी पडली नाही. मले कुठंच लागलं नाही. तुम्ही जेवण करा.

अस्वल खूप मोठं होतं. आमची बस त्याच्या जंगलात बंद पडली. मग दुसरी बस आली अन् सगळे त्याच्यात गेले, अन् मी पण गेली. मम्मी तेव्हा बाहेर होती. तिले वाटलं गाडी लेट झाली. आजीनं म्हटलं, मम्मीले सांगायचं नाही, ती डरेल. पण आजीच जास्त डरली. अजून पण डरते.

चाक खराब नाही. दुकानवाले चाचा मंगळवारीच खुर्ची देऊन गेले, मी आवाज ऐकला. आजीनं ती शेजारच्या अनुश्री काकूंकडे ठेवली. मम्मी-पापाला म्हणते पार्ट मिळत नाही. मी दहा दिवस झाले स्कूल गेली नाही. खिडकीतून फक्त गली दिसते.

१५ तारखेला आमची पूरी क्लास मयूरबनले जाणार. शर्मिष्ठा मिस म्हणाल्या, ज्ञानदा येऊ शकते, पण घरातून एक जण सोबत पाहिजे. मम्मीले छुट्टी नाही, पापाले पण नाही. फक्त आजी आहे.

मी आजीवर गुस्सा नाही. तुम्ही तिले सांगा ना. मी सांगितलं तर ती म्हणते, चूप बस अन् भात खा.

ही चिट्ठी मम्मी पोस्ट करेल. तिनं प्रॉमिस केलं, वाचणार नाही.

तुमची ज्ञानदा
चौथी ब

*

गोंदिया
५ फेब्रुवारी

शारदे,

मला सगळं कळलं नाही, पण पुरेसं कळलं. कोणी सांगितलं ते विचारू नको. कोणावर हात उगारू नको, ओरडू नको.

पहिले अनुश्रीच्या घरून खुर्ची आण. मग हे पत्र पुढं वाच.

आणलीस? आता बस आणि मला खरं लिही. त्या बसमध्ये काय झालं? बस बंद पडणं तुझ्या हातात नव्हतं. त्यासाठी कोणी नऊ वर्षांच्या पोरीला कोंडून ठेवत नाही. तू दुसऱ्याच कशाला तरी घाबरून राहिलीस.

रमाताई

*

ब्राह्मणपारा
१२ फेब्रुवारी २०२५

रमाताई, पाया पडते.

खुर्ची आणली. अनुश्री म्हणते, "दीदी, मी तर रोजच म्हणून राहिली होती, न्या म्हणून." म्हणजे तिलेही कळत होतं. साऱ्या पाऱ्याले, मोहल्ल्याले कळत होतं, मलेच नाही.

आता लिहिते. मधात थांबली तर पुन्हा होणार नाही, म्हणून जसं येते तसं लिहिते.

मयूरबनच्या आत उतार होताच, पण मंजिरीनं खुर्ची उलटी फिरवून उतरवली, मागं मागं चालत. मले तर पाहवत नव्हतं. झुल्यापाशी गेलो. पोट्टीनं एक गोल फिरणारा झुला पाहिला, बसली नाही, म्हणाली, "मले पाहतानाच चक्कर येते, मम्मी, तू बस." मंजिरी बसली. माही सून, आठ वर्षांच्या पोरांमधी, ओरडून राहिली. ज्ञानदा एवढी हासली की तिचा स्कार्फ सुटला. तिथवर सगळं चांगलं होतं. हे मी मागच्या पत्रात लिहायले पाहिजे होतं.

मग अस्वलाची बस. लहान बस, खिडक्यायले जाळी. दारावरचा माणूस म्हणाला, "अम्मा, चेअर अंदर नहीं जाएगी. बच्ची चल लेती है?"

मी काय म्हणाली असन? तोंडात बसलेलं होतं, आपोआप आलं. "हव भैया, पाँव में मोच है. पकडके चलती."

तो म्हणाला, ठीक आहे, बैठा दो. त्याच्याजवळ कागद होता, त्याच्यावर त्यानं काही लिहिलं नाही. खरं सांगतलं असतं तर त्यानं एक माणूस सोबत दिला असता. तसा नियम आहे त्यायचा, बोर्डावर लिहिलेला आहे. मी नंतर पाहिला.

मंजिरी म्हणाली, मी चेअरपाशी थांबते, कोणी नेली म्हणजे? एवढ्या खटपटीनं भेटलेली खुर्ची. म्हणून ती बाहेर, अन् मी पोट्टीले उचलून आत नेली. कमरेले पट्टा बांधला होता, तू सांगतलं तसा. मागच्या सीटवर खिडकीजवळ बसवली.

दोन फाटकं लागते. एक उघडते, बस आत जाते, ते बंद होते, मग दुसरं उघडते. दुसरं बंद झालं तेव्हा मी पोट्टीचा हात धरला. आत साल, पळस, मोठमोठे दगड. दोन अस्वलं दूर झाडाखाली बसली होती. लोक मोबाइल काढून राहिले होते. अन् बस थांबली. पहिले वाटलं, दाखवायसाठी थांबवली. मग जळाल्यासारखा वास आला. ड्रायव्हरनं दोनदा चावी फिरवली, तिसऱ्यांदा फिरवलीच नाही.

कोणी ओरडलं नाही. ते जास्त वाईट होतं. सगळे एकदम हळू बोलायले लागले, जसं कोणाच्या घरी मयत झाल्यावर बोलते.

दुसरी बस आली. दाराले दार लावून उभी केली. मधात वीतभर जागा, वरची पायरी उंच. एक गार्ड त्या बसच्या दारात, हातात लाठी. म्हणाला, "आराम से, एक-एक करके. पहले बताओ, कोई ऐसा है जो चल नहीं सकता? उसको पहले लेंगे."

ताई, त्यानं विचारलं होतं. साफ विचारलं होतं. मी हात वर करायचा होता, बस.

अठरा माणसं वळून पाहत होती. तोच दारावरचा भैया, ज्याले मी मोच सांगतली होती, आमच्याच बसमधून आत आला होता अन् समोर उभा होता. मले वाटलं, आता खरं बोलली तर हा म्हणन, बुढिया झूठी. अन् सगळे पोट्टीकडे पाहतील, तसे, त्या केळवाल्या बाईसारखे. माह्या तोंडात शब्द आला अन् तिथंच बसला. मी खाली पाहिलं.

गार्ड म्हणाला, "कोई नहीं? चलो फिर."

लोक जायले लागले. मी मनात म्हटलं, सगळे गेले की मी उचलीन, उचलूनच तर आणली. पण जमलं नाही. मी एकदा तिच्या काखेत हात घातला, उचललं, अन् ती हातातून परत सीटवर घसरली. तिचा एक पाय सीटच्या खालच्या लोखंडात अडकला. तिले कळलंही नाही. मले दिसलं.

तेवढ्यात जाळीवर खरखर वाजलं. त्यातलं एक अस्वल आलं होतं. मागच्या पायावर उभं राहून, पुढचे दोन्ही पंजे जाळीवर. ज्ञानदाच्या तोंडापासून हातभर. त्याचा वास, ताई, ओल्या गोधडीसारखा. नाक लांब करून ते तिचा वास घेऊन राहिलं होतं. तिनं डोळे मिटले नाहीत. जाळी मजबूत होती, आता सगळे म्हणतात. तेव्हा मले थोडीच माहीत होतं.

भैयानं मोचेचं त्याले सांगतलं असन, समोरून गार्ड ओरडला, "अम्मा! बिटिया को चलाओ, लंगडाके आ जाए, जल्दी करो!"

अन् माही पोट्टी बोलली. एवढ्या जोरात मी तिचा आवाज कधी ऐकला नाही.

"भैया, मुझे मोच नहीं आई है. मैं चल नहीं सकती. कभी नहीं चली. दो लोग लगेंगे. एक पीठ के पीछे से, एक घुटनों के नीचे से. और पहले मेरा पाँव निकालो, फँसा है, मुझे पता नहीं चलता."

पाय अडकला ते तिले कसं कळलं? माह्या तोंडाकडे पाहून; माही नजर त्या लोखंडावरून हलत नव्हती. ती माह्या तोंडाकडेच पाहत होती, सारा वेळ.

गार्ड अन् भैया, दोघं धावत आले. जसं तिनं सांगतलं तसं केलं. एकानं पाय मोकळा केला, दुसऱ्यानं पाठीमागून धरलं. ती त्यायले सांगतच होती, डोकं सांभाळा, थोडं वर, हाँ, बस. फूल नेल्यासारखी नेली. कोणी कीव केली नाही, ताई. कोणाले वेळच नव्हता. एका बाईनं सरकून जागा दिली अन् तिचा स्कार्फ नीट केला, बस.

मी तिथंच उभी. मलेच चालता येईना. तो गार्ड म्हणाला, "अब अम्मा को क्या हो गया?" तर त्या बसमधून ज्ञानदा म्हणते, "उनको मोच आ गई है. उनको भी पकडके लाओ."

सगळी बस हासली. मले धरून नेलं. हासणाऱ्यायत मीही होती, अन् माह्या डोळ्यातून धार लागली होती.

बाहेर आल्यावर मी खुर्ची अशी पळवली की गेटच्या दगडावर आदळली. चाक तिथं वाकलं. पोट्टीले म्हटलं, मम्मीले सांगायचं नाही. ती हो म्हणाली. मले बस बंद पडल्याची भीती नव्हती, तू बरोबर ओळखलं. मले भीती ही, की माह्यामुळे ती सगळ्यात शेवटी राहिली. पुन्हा बाहेर नेली, पुन्हा कोणी विचारलं, अन् पुन्हा माह्यं तोंड उघडलं नाही तर? म्हणून बाहेर नेणंच बंद केलं. घरात कोणी विचारत नाही.

परवा मंजिरीले सगळं सांगतलं. ती डबा भरून राहिली होती. ऐकता ऐकता पोळी हातातच राहिली. मले वाटलं आता चिल्लावते. मग म्हणाली, "ती स्वतः बोलली? दोन माणसं लागतील म्हणून?" मी हो म्हटलं. तर तोंडाले पदर लावून आत गेली. संध्याकाळपर्यंत माह्याशी बोलली नाही. एवढं तर तिनं करावंच.

सोमवारपासून शाळा सुरू केली. मीच नेते. पहिल्याच दिवशी कोपऱ्यावर बिहीवाल्यानं, पेरू विकते तो, नवीन आहे, विचारलं, "बच्ची को क्या हुआ, अम्मा?" पोट्टीचा हात ब्रेकवर गेला. मी म्हटलं, "चल नहीं सकती. जनम से." आवाज असा निघाला की जशी भांडून राहिली. तो म्हणाला, "अच्छा. पाव किलो दूँ कि आधा?" बस, एवढंच. मी एवढी वर्षं कशाले घाबरली, त्या बिहीवाल्याले विचारावं वाटलं.

पण भीती गेली असं समजू नको. शनिवारी १५ तारीख आहे. क्लास जाऊन राहिली, अन् सोबत मी. शर्मिष्ठा मिसले नाव दिलं. तीच बस, तेच दोन फाटकं. खुर्ची बाहेर गेटवर ठेवीन, कोणी नेली तर नेली, मी तिच्यासंग आत बसीन.

दारावरच्या भैयाले काय सांगायचं ते मी आज घरात म्हणून पाहिलं. भिंतीकडे तोंड करून. बच्ची चल नहीं सकती, दो लोग लगेंगे. एकदा म्हटलं, दोनदा म्हटलं. मागून गादीवरून ज्ञानदा म्हणते, "आजी, और ज़ोर से. वहाँ इंजन चालू रहता है."

तुही शारदा